बिनऔषधाची नळी

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक बावीस.
खाली पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, वर आम्ही.
त्यांचं यंत्र आपटलं की आमच्या नळ्या किणकिणतात.
त्या सोमवारी मी सोळा अंडी फोडली,
पिवळं-पांढरं घुसळलं, हिरवा रंग घातला,
तिरप्या नळ्यांत ओतून थिजवलं.
क्षयाच्या जंतूला हेच जेवण लागतं.
आमच्याकडचा तर दात काढलेला, प्रयोगापुरता,
पण खाण्याची आवड घराण्याचीच.

येऊरच्या पाड्यावरून चैत्या वरठा आला,
दोन बस बदलून, खताच्या गोणीत पाला घेऊन.
अडुळसा मी ओळखला. गुळवेल ओळखली.
तिसरं झुडूप त्याने गुडघ्यावर धरलं
आणि त्याचं वारली नाव सांगितलं, हळूच,
दवाखान्यात घरच्या माणसाचं सांगतात तसं.
मी चिठ्ठीवर लिहिलं : नमुना सात.
"आणि नाव?"
नाव वहीत आहे, काका. नळीवर मावत नाही.
तो गोणीची घडी घालत राहिला.
मग म्हणाला, "तुझ्या नळीला खोकला येतो?"
नाही.
"मग बरं वाटलं, हे सांगणार कोण?"

सावलीत वाळवला, कुटला, स्पिरिटमध्ये भिजवला.
गोणीभर रानाचा
नखाएवढा काळा चिकटा उरला.

आता थांबायचं.
दही एका रात्रीत लागतं,
हा दीड महिना घेतो.

माझ्या भावाने, मोरेश्वरने,
कळव्याहून आणलेल्या गोळ्या दीड वर्ष गिळल्या.
लघवी केशरी व्हायची, कानात शिट्टी वाजायची,
आणि आई गोळीमागोमाग अडुळशाचा काढा पाजायची.
तो बरा झाला.
आई अजून काढ्याचंच नाव घेते.
मी वाद घालत नाही.
वाद मिटवायला दुसरा भाऊ लागला असता,
तोच आजार, त्याच गोळ्या, फक्त काढा नाही.
असा भाऊ आम्हाला नव्हता.

बेचाळिसाव्या दिवशी सदतीस अंशांचं कपाट उघडलं.
अडुळसा : स्वच्छ.
गुळवेल : स्वच्छ.
नमुना सात : काचेसारखा स्वच्छ.
घैसास सर खुर्चीवरून उठलेच.
रांगेत शेवटची, बिनऔषधाची नळी.
तिच्यात काही घातलं नव्हतं, जंतूखेरीज.
तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी
खरबरीत, पिवळट वाढ हवी होती.
मी उजेडात धरली. तिरपी केली. पुन्हा धरली.
हिरवी. सपाट. कोरी.

"बाकीच्या तरी स्वच्छ आहेत ना?" सर म्हणाले,
आणि वाक्य संपायच्या आत स्वतःच खाली बसले.
जंतू आमच्याकडे आला तेव्हाच मेलेला असणार.
वहीत लिहिलं : चाचणी रद्द.
इतकी शांतता होती की खालचं यंत्र
जेवणाच्या सुट्टीला थांबलंय, हे तेव्हा कळलं.

रविवारी येऊरला गेले.
चैत्याची सून ओट्यावर बसून
लाल कॅप्सूल पाण्याबरोबर घेत होती.
रिकाम्या पाकिटांची चळत तोच मोजून ठेवतो,
महिना चुकू नये म्हणून.
मी बघतेय हे पाहून म्हणाला,
"पाला खोकल्याला. हिच्या दुखण्याला गोळी. मला कळतं तेवढं."
मग मी सांगितलं.
"म्हणजे मेलेल्याला औषध पाजलंस?"
हो.
आता मात्र तो हसला, ठसका लागेपर्यंत.
"पाला फुलाआधी तोडायला हवा होता," डोळे पुसत म्हणाला,
"तेव्हा कडू असतो. परत आणतो."

पुन्हा सोमवार. पुन्हा सोळा अंडी.
बिनऔषधाच्या नळ्या या वेळी तीन लावल्या.
चिठ्ठीवर नमुना सात,
आणि खाली, सगळ्यात बारीक टोकाच्या पेनाने, ते वारली नाव.
मावलं.
शेवटचं अक्षर तेवढं
काचेला वळसा घालून मागे गेलं.